नाताळच्या रोटातलं लोखंड

देवानं वेलिझारला डोळे बेताचे दिले. केस दिले ते चाळिशीतच परत मागून घेतले. पण कान? कान असा दिला की तसा आम्हा सर्बांच्या साऱ्या चाचाक गावात दुसऱ्या कुणाला नाही! हे वेलिझार स्वतःच सांगायचा, आणि इतक्यांदा सांगायचा की त्याच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही पाठ झालं होतं.

या कानाचं करायचं काय, तर नाणी ऐकायची. वेलिझारला दुसऱ्या महायुद्धातल्या नाण्यांचा नाद. युद्धात तांबं गेलं काडतुसांत, निकेल गेलं रणगाड्यांत, आणि नाणी पाडायला उरलं ते जस्त नाहीतर लोखंड, नाहीतर असंच काहीबाही. आमच्याकडे जस्ताची पडली. करडी, मळकी, भिजलेल्या उंदराच्या रंगाची. रस्त्यात दिसली तर दुसरा कुणी वाकणार नाही. वेलिझार मात्र गुडघे धरून का होईना, वाकायचा.

जन्मभर त्यानं वीज कंपनीत मीटर वाचले होते. लोकांच्या जिन्याखाली उभं राहून मीटरची गुणगुण ऐकता ऐकता कान तयार झाला, असं त्याचं म्हणणं. आता निवृत्त झाल्यावर तो जुन्या टेबलाचा संगमरवरी तुकडा पुढ्यात ठेवायचा, डोळे मिटायचा, नाणं वरून सोडायचा आणि आवाज विरायच्या आत निकाल द्यायचा. हे जस्त. हे ॲल्युमिनियम. हे लोखंड, पण लहानपणी ओलीत राहिलेलं. शनिवारी खानावळीच्या माडीवर नाणीवाल्यांचं मंडळ भरायचं, तिथे कुणी तराजू काढला की वेलिझार हळूच हसायचा. तराजू बहिऱ्यांसाठी असतो म्हणायचा.

घरात या कानाचं कौतुक जरा कमी होतं. जस्ताला आंबट वाफ सोसत नाही, पांढरे फोड येतात, म्हणून त्यानं बायकोचं, स्तामेंकाचं, आंबवलेल्या कोबीचं पिंप स्वयंपाकघरातून उचलून अंगणातल्या पडवीत नेऊन ठेवलं होतं. आता भर थंडीत कोबी काढायचा तर स्तामेंकाला बूट, कोट, मफलर असा लष्करी पोशाख करून जावं लागे, आणि जाताना ती जे बोलत असे ते नाताळच्या गोष्टीत सांगण्यासारखं नाही. वेलिझारची म्हातारी आई, पेर्का, तिचं म्हणणं आणखी वेगळं. तिनं ती नाणी चलनात असताना पाहिलेली. ती म्हणायची, "अरे वेल्या, त्या दिवसांत आम्ही हे पैसे टाकून द्यायचो आणि बटणं जपून ठेवायचो. आणि तू ते काचेखाली ठेवतोस? तुला मी लहानपणी पाळण्यातून पाडलं होतं, ते आता बाहेर येतंय." पाडलं होतं की नाही देव जाणे. पेर्काम्हातारीची ती गोष्ट दर वेळी वेगळी असायची. कधी पाळण्यातून पडलेला, कधी गाडीतून, एकदा तर करकोच्याच्या चोचीतून.

तर डिसेंबरातल्या एका शनिवारी मंडळात तिहोमिर आला. तिहोमिर म्हणजे वेलिझारचा कूम. आता कूम म्हणजे काय, तर लग्नात तुमच्या शेजारी साक्षीला उभा राहतो, तुमच्या पोरांना नावं देतो, आणि त्यानंतर मरेपर्यंत त्याचं मन दुखवायचं नाही. सख्ख्या भावाशी कोर्टात भांडलात तर लोक विचारतात, जमीन किती होती? कूमशी भांडलात तर लोक विचारत नाहीत, रस्ता ओलांडून पलीकडून जातात. तिहोमिरचं गाड्यांच्या बंपरना चकाकी द्यायचं दुकान होतं. निम्म्या गावाच्या गाड्या त्याच्यामुळे पुढून लखलखायच्या, मागून कितीही गंजलेल्या असल्या तरी.

त्यानं खिशातून एक दहा दिनारांचं नाणं काढून टेबलावर ठेवलं. म्हणाला, रविवारच्या जुन्या बाजारात बटणांच्या डब्यात सापडलं. ही नाणी जस्ताची असतात ना? मग याला लोहचुंबक का चिकटतो?

कुणीतरी चुंबक आणला. टक्! चिकटलं. माडीवर अशी शांतता पसरली की खालच्या स्वयंपाकघरात कांदा परततोय ते ऐकू आलं. जस्त चुंबकाला भीक घालत नाही हे तिथल्या सगळ्यांना माहीत. एकजण तराजू काढायला लागला, वेलिझारनं त्याचा हात धरला. संगमरवर पुढे ओढला, डोळे मिटले, नाणं सोडलं.

"लोखंड," तो म्हणाला. "अस्सल लोखंड. जस्ताची पाडण्याआधी एखादं चाचणीला पाडलं असणार. असं नाणं मी जन्मात ऐकलेलं नाही."

सगळे उठून उभे राहिले. तिहोमिरचा चेहरा पिवळा पडला. आनंदानं माणसाचं असंच होतं, असं सगळ्यांना वाटलं. तो काहीतरी बोलायला तोंड उघडत होता, पण वेलिझारनं त्याला मिठी मारली होती आणि त्याच्या खांद्यावर नाक पुसत तो रडत होता. ठरलं असं की नाताळच्या तिसऱ्या दिवशी मंडळाचा वार्षिक मेळावा, बेलग्रादचेही नाणीवाले येणार, तिथे वेलिझार हे नाणं सगळ्यांपुढे ठेवेल आणि त्याची किंमत जाहीर करेल. तोवर नाणं त्याच्याकडे.

"सांभाळशील ना?" तिहोमिर एवढंच म्हणाला.

"कूम," वेलिझार छातीवर हात ठेवून म्हणाला, "या नाण्याला काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस. म्हणजे, मीच तुला दाखवणार नाही."

घरी आल्यावर पंचाईत. ठेवायचं कुठे? टेबलाच्या खणात ठेवलं तर चोर पहिल्यांदा तिथेच हात घालणार. गादीखाली ठेवलं तर आई रोज गादी उलटते. पिठाच्या डब्यात ठेवलं तर दमट. वेलिझारनं सारं घर पालथं घातलं आणि शेवटी मान वर केली. भिंतीवर संत निकोलाची तसबीर, तिच्याखाली फळी, फळीवर दिवा आणि दिव्याशेजारी पितळेची छोटी वाटी. घराच्या देवाच्या नजरेखाली! इथे हात घालायची कुणाची छाती होणार? त्यानं नाणं वाटीत ठेवलं, संताला डोळ्यानंच समज दिली आणि निवांत झोपला.

आता एक गोष्ट आधी सांगायला हवी होती, ती सांगते. आमच्याकडे नाताळच्या सकाळी जो गोल रोट भाजतात, त्याला चेस्नित्सा म्हणतात, त्यात एक नाणं घालतात. रोट सुरीनं कापायचा नाही, सगळ्यांनी मिळून धरायचा, फिरवायचा आणि हातानं तोडायचा. ज्याच्या वाट्यात नाणं, त्याचं वर्ष चांगलं. या घरात त्यासाठी एक जुनं चांदीचं नाणं होतं, पण ते वेलिझारनं शरद ऋतूतच एका बाजारात मूठभर जस्ताच्या बदल्यात देऊन टाकलं होतं. स्तामेंकाला कळलं तेव्हा तिनं दोन दिवस त्याला नुसता कोबी वाढला. शेवटी त्यानं कबूल केलं होतं की नाताळच्या रोटासाठी तो स्वतः एक नाणं आठवणीनं काढून ठेवेल, तिनं काळजी करू नये.

काढून ठेवलं का? अर्थातच विसरला.

नाताळच्या पहाटे स्तामेंका उठली. बाहेर पडवीत वेलिझार डुक्कर भाजायच्या सळईशी झटत होता, धुरानं डोळे लाल. तिनं कणीक मळली, नाण्यासाठी इकडेतिकडे पाहिलं, आणि बघते तर काय, देवाच्या फळीवर, दिव्याशेजारी, स्वच्छ वाटीत, एकच नाणं ठेवलेलं! तिला भरून आलं बिचारीला. म्हटलं, नवरा कसाही असला तरी शब्दाचा पक्का. तेही नुसतं ठेवलं नाही, संत निकोलापुढे ठेवलंय, आशीर्वाद घेऊन.

फक्त नाणं मळकट होतं. देवाच्या रोटात असलं कसं घालणार? तिनं व्हिनेगर तापवलं, त्यात नाणं टाकलं. फसफसलं. काढून तारेच्या चोथ्यानं घासलं. वरची साल निघाली, दुधावरची साय निघते तशी पातळ, चकचकीत पापुद्रेच्या पापुद्रे. किती वर्षांचा मळ साचलाय, ती मनाशी म्हणाली, आणि आणखी जोर लावला. मग नाणं धुतलं, पुसलं, त्यावर क्रूस काढला आणि कणकेत दाबून रोट चुलीत सरकवला.

वेलिझार डुक्कर घेऊन आत आला, हात धुतले, दिव्यात तेल घालायला फळीपाशी गेला आणि त्याचे हात हवेतच राहिले.

"स्तामेंका, वाटीत होतं ते?"

"रोटात," ती म्हणाली. "किती छान ठेवलं होतंस. धुतलं मी ते."

"धुतलंस." वेलिझारला नाणी धुणारी माणसं आणि घरं जाळणारी माणसं एकाच तुरुंगात हवी असायची. "कशानं?"

तिनं सांगितलं. तो खुर्चीवर बसला. खुर्ची तिथे नव्हती, म्हणून जमिनीवरच बसला, नाताळसाठी पसरलेल्या गवतात. तिथून त्यानं तिला सांगितलं की ते कूमचं नाणं होतं. स्तामेंकानं, पदर नसल्यामुळे, हातातलं फडकंच तोंडावर धरलं. मग दोघं एकदम चुलीकडे धावली, आणि नेमका तेव्हाच दारावर हात पडला.

नाताळच्या सकाळी घरात पहिलं पाऊल टाकणारा पाहुणा पाठवून देता येत नाही. तो वर्षाचं भाग्य घेऊन येतो. या घरात तो दर वर्षी एकच असायचा. कूम.

"ख्रिस्त जन्मला," दारातून तिहोमिर म्हणाला. आवाज पडलेला.

"खरोखर जन्मला," वेलिझार म्हणाला. त्याचाही पडलेला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही नजर फिरवली. रीतीप्रमाणे तिहोमिर चुलीपाशी गेला, ओकच्या काठीनं निखारे ढोसले, ठिणग्या उडाल्या, आणि जितक्या ठिणग्या तितकं सुख, तितकी कोकरं, तितकं आयुष्य असं म्हणायला लागला. वेलिझारला वाटलं, नेमका त्याच्याच नाण्याखाली जाळ वाढवतोय बिचारा. मग पेर्काम्हातारीनं कूमला तीन पायांच्या बुटक्या स्टुलावर बसवलं आणि रीतीप्रमाणे जाड लोकरी घोंगडी त्याच्याभोवती गुंडाळली. असं गुंडाळलं की वर्षभर दुधावर साय जाड येते. गाय आता नव्हती या घरात, पण म्हातारी म्हणायची, दुकानातल्या दुधावरही फरक पडतो. एकदा गुंडाळला की पाहुण्यानं खाऊन होईपर्यंत उठायचं नाही.

तिहोमिर दोनदा म्हणाला की कूम, मला तुला एकट्याला काहीतरी सांगायचंय. वेलिझारनं दोन्ही वेळा त्याला राकियाचा, म्हणजे घरच्या फळांच्या दारूचा, पेला दिला. एकट्यात भेटला की हा नाण्याचीच चौकशी करणार, दुसरं काय?

रोट बाहेर आला. तपकिरी, फुगलेला, वरती कणकेचे पक्षी. स्तामेंकाच्या कानात वेलिझार पुटपुटला की काहीही करून नाण्याचा तुकडा माझ्याकडे आला पाहिजे. ती म्हणाली, देवाच्या रोटात मी काय खुणा करून ठेवते का? मग त्याला आपला कान आठवला. सगळ्यांनी रोटाला हात लावले, फिरवायला सुरुवात झाली, आणि वेलिझार वाकून रोटाला कान लावून बोटानं टकटक करायला लागला. वैद्य छाती तपासतो तसा.

"काय करतोस रे?" पेर्का म्हणाली.

"प्रार्थना."

टक, टक, टक, टुक. इथे! त्यानं खूण मनात धरली आणि रोट आपल्याकडे ओढला. पण म्हातारीनं हे पाहिलं. पोरगा वर्षाचं भाग्य लबाडीनं घेतोय, तेही पाहुण्यासमोर, असा तिचा समज झाला. वयाच्या मानानं तिच्या मनगटात फार जोर. तिनं रोट एक गरकन वेढा देऊन पुन्हा उलटा फिरवला, आणि म्हणाली, तोडा!

तोडला. वाफ उठली. घराचा तुकडा बाजूला, वाटसरूचा बाजूला, बाकीचे ज्याचे त्यानं खायचे. वेलिझारनं आपला तुकडा तिथल्या तिथे चिवडला. नुसता पाव. स्तामेंकाकडे पाहिलं, तिनं मान हलवली. घराचा कुस्करला, वाटसरूचा कुस्करला. काही नाही. कूमला विचारलं, तर तो घोंगडीतून नुसता "ऊं हूं" म्हणाला. एक गाल भरलेला होता त्याचा. घास मोठा घेतला असेल.

उरली पेर्का. तिनं तुकडा केव्हाच संपवला होता आणि ती दाराकडे बघत शांत बसली होती. तिला दात कमी, म्हणून ती चावण्याच्या भानगडीत पडायची नाही.

"आई, तू काही गिळलंस का?"

आता पाहा, सगळं घर आपल्याकडे बघतंय, पाहुणा बघतोय, सून हातात फडकं घेऊन बघतेय, अशी वेळ म्हाताऱ्या माणसाला वर्षात कितीदा येते? पेर्कानं पोटावर हात ठेवला. "गेलं खरं काहीतरी," ती म्हणाली. "थंडगार. जाता जाता वळलंसुद्धा."

कूमचं एकमेव लोखंडी नाणं, आधी व्हिनेगरमध्ये, मग चुलीत, आणि आता आईत! स्तामेंका डॉक्टरला फोन लावायला निघाली. वेलिझार म्हणाला, थांब, डॉक्टर कशाला? नाणं लोखंडाचं आहे. आणि खणातून त्यानं मोठा चुंबक काढला, जुन्या लाऊडस्पीकरमधला, ज्यानं एकदा शेजाऱ्याचं घड्याळ कायमचं बंद पाडलं होतं.

पेर्का आनंदानं आडवी झाली. चुंबक गळ्यापासून निघाला. छातीवर काही नाही. पोटावर आला आणि एकदम खाली झेपावून घट्ट बसला.

"मिळालं!" वेलिझार ओरडला.

मिळाली ती सेफ्टी पिन. म्हातारीच्या आतल्या लोकरी बंडीला ती लावलेली, थंडीत पोटात वारा जाऊ नये म्हणून. वेलिझारनं ती काढली, पुन्हा चुंबक फिरवला. खाली, वर, आडवा. म्हातारीला गुदगुल्या व्हायला लागल्या. एवढं सगळं होऊनही ती काहीच सांगेना, उलट मध्येच म्हणाली, आता डावीकडे गेलंय बघ.

मग वेलिझार उभा राहिला आणि हातात चुंबक घेऊन सावकाश कूमकडे वळला.

"रागावू नकोस," तो म्हणाला. "नुसती खात्री."

घोंगडीत गुंडाळलेल्या माणसाला मागे सरता येत नाही. तिहोमिरनं स्टुलासकट सरायचा प्रयत्न केला, भिंत लागली. डोळे मोठे, कपाळावर घाम, आणि एक गाल अजून तसाच भरलेला. चुंबक त्याच्या छातीवरून गेला. गळ्यावरून गेला. मग त्या भरलेल्या गालावर येऊन थांबला.

काही झालं नाही. जराही ओढ नाही.

"नाही," वेलिझार सुस्कारा टाकून म्हणाला. "कूमकडे नाही. लोखंड असतं तर इथून गाल फाडून बाहेर आलं असतं."

हे ऐकलं आणि तिहोमिरच्या पोटातून इतका वेळ कोंडलेला श्वास सगळाच्या सगळा एकदम बाहेर पडला. त्याच्याबरोबर रोट पडला आणि नाणंही. ते हवेत गिरकी घेऊन समोरच्या संगमरवरावर आदळलं, त्यावर डुक्कर ठेवलेलं होतं. तिथून घरंगळत राकियाच्या पेल्याला थडकून थांबलं.

वेलिझारचे डोळे आपोआप मिटले.

"जस्त," तो म्हणाला.

मग डोळे उघडले. स्वतःच काय बोललो ते त्याला कळलं. त्यानं नाणं उचललं, चुंबकाला लावलं. पडलं. पुन्हा लावलं. पुन्हा पडलं. तोच चेहरा, तीच तारीख, कडेला तीच छोटी खाच जी त्यानं मंडळात भिंगातून पाहिली होती. तेच नाणं, पण लोखंड नव्हतं. तो हळूहळू बायकोकडे वळला.

"स्तामेंका. तू लोखंडाचं जस्त केलंस."

"व्हिनेगरनं?" ती घाबरून म्हणाली. "मी तर खिडक्यापण त्यानंच पुसते."

"कूम, मला शिक्षा कर," वेलिझार गुडघ्यांवर आला. गुडघे दुखत होते तरी आला. "तू विश्वासानं दिलंस, मी देवापुढे ठेवलं, हिनं रोटात घातलं. तुला वाटेल ते बोल. मारलंस तरी चालेल. फक्त कूमपण तोडू नकोस."

तिहोमिरनं घोंगडीतून मान पुढे काढली. "म्हणजे तू मुद्दाम नाही घातलंस?"

"मुद्दाम? कोण मुद्दाम घालेल?"

"मला वाटलं, तुला कळलं," तिहोमिर म्हणाला. "म्हटलं, यानं ओळखलं, आणि आता नाताळच्या दिवशी आईसमोर मलाच चावायला देतोय. दातावर लागलं तेव्हाच माझं पाणी झालं. काढून दाखवायचा धीर होईना, म्हणून गालात धरून बसलो."

मग सगळं बाहेर आलं. नाणं साधं जस्ताचंच होतं. तुझ्या कानाची गोष्ट ऐकून ऐकून माझे कान किटले, तिहोमिर म्हणाला, म्हटलं एकदा गंमत करू. दुकानात बंपरबरोबर एक नाणंही निकेलच्या हौदात सोडलं, निकेलही चुंबकाला चिकटतं, जाड मुलामा दिला म्हणजे चुंबक धरेल, मग राखेनं मळवलं. चुंबक म्हणेल लोखंड, तुझा कान म्हणेल जस्त, थोडी बाचाबाची होईल, मी सांगून टाकीन, सगळे हसतील आणि राकिया माझ्याकडून. "पण तू रडायला लागलास रे," तो म्हणाला. "खांद्यावर डोकं ठेवून रडणाऱ्या माणसाला कसं सांगायचं? तेव्हापासून झोप नाही मला. आज सांगायलाच आलो होतो. म्हटलं, आता हा कूमपण तोडणार."

वेलिझार गवतात बसला होता. रागवायला हवं, हे त्याला कळत होतं. राग कुठे असतो ती जागा त्यानं चाचपूनही पाहिली. तिथे नुसतं हलकं हलकं वाटत होतं, घट्ट बूट काढल्यासारखं. काही हरवलं नव्हतं. काही बिघडलं नव्हतं. जगात एकच असलेलं नाणं गेलं नव्हतं, कारण ते कधी नव्हतंच. तो हसायला लागला, तिहोमिरही लागला, घोंगडीसकट. दोघांनी नाताळच्या रीतीप्रमाणे एकमेकांना तीनदा चुंबलं आणि देवाची शांती म्हटलं. स्तामेंका रडली, तिचं तिलाच माहीत कशासाठी. पेर्काम्हातारी उठून बसली आणि म्हणाली की आता जरा बरं वाटतंय, वितळलं वाटतं.

मग वेलिझारचं हसू थांबलं. परवा मेळावा! बेलग्रादची माणसं! तो सगळ्यांसमोर काय ठेवणार? सोललेलं जस्त? कूम गावभर लबाड ठरेल आणि वेलिझार स्वतः बहिरा.

"त्यात काय आहे?" पेर्का डुकराचा कान तोडत म्हणाली. "रोटातलं नाणं पुढच्या नाताळपर्यंत घराबाहेर जात नाही. हे कुठल्या सर्बाला सांगावं लागतं?"

वेलिझारनं आईच्या हाताचा मुका घेतला. डुकराच्या चरबीसकट.

तिसऱ्या दिवशी माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. वेलिझार उभा राहिला आणि म्हणाला की बंधूंनो, चूक झाली, नाणं रोटात गेलं. कुणीतरी खुर्चीवरून अर्धं उठलं, बेलग्रादचा एक जाडा मनुष्य "काय?" म्हणाला. पण म्हातारे अध्यक्ष क्रूस काढत होते, त्यांचं पाहून सगळ्यांनी काढला. रोटात गेलं म्हणजे प्रश्न मिटला. वर्षभर बाहेर येणार नाही. एवढंच विचारलं त्यांनी, की कुणाला मिळालं?

"कूमला," वेलिझार म्हणाला.

माडीवर कुजबुज झाली. ज्याचं नाणं, त्यालाच! हजार तुकड्यांतून देवानं त्याच्या तोंडात घातलं! अध्यक्ष उठले आणि म्हणाले की नाणी पारखणाऱ्या मुख्य पारख्याची जागा मोकळी आहेच, खरं तर आम्ही वेलिझारचं नाव धरलं होतं, पण असा कौल मिळाल्यावर माणसानं शहाणपण करू नये. तिहोमिर! वेलिझारनं सगळ्यांत आधी हात वर केला, आणि सगळ्यांत उंच. तिहोमिरनं नको नको म्हणत हात जोडले, त्याची ती नम्रता पाहून आणखी टाळ्या पडल्या.

बेलग्रादच्या जाड्याला मात्र परीक्षा हवी होती. त्यानं पाकिटातून एक नाणं काढलं, युद्धातलंच, लखलखीत. म्हणाला, सगळे म्हणतात अस्सल आहे, तुम्ही काय म्हणता? तिहोमिरनं ते हातातही घेतलं नाही. टेबलावर होतं तिथूनच बघून म्हणाला, "मुलामा आहे. काम बरं आहे, फक्त कडेला घाई झालीय." जाड्यानं चाकूनं कड खरवडली. आतून करडं जस्त निघालं. माडी दणाणून गेली.

घरी जाताना बर्फ पडत होतं. दोघं एकाच छत्रीखाली चालले होते आणि वेलिझार कूमच्या दंडाला धरून, खरंच मनापासून, विचारत होता की अरे, हात न लावता? इतक्या लांबून? तुला कळलं कसं?

"कळायचंय काय त्यात?" तिहोमिर म्हणाला. "मीच केलेलं. एक गिऱ्हाईक आलं होतं, म्हणालं कोटाला बटणं करायचीत."

वेलिझार थांबला. छत्री पुढे गेली, त्याच्या टकलावर बर्फ पडायला लागलं.

"एकच गिऱ्हाईक आलं होतं का, कूम?"

"थंडी फार आहे," तिहोमिर म्हणाला. "चल पटकन."

वेलिझारच्या खणात लोखंडाची म्हणून ठेवलेली नाणी अजून आहेत, काचेखाली, ओळीनं. त्यानं त्यांना संगमरवरावर परत कधी सोडलं नाही. कोबीचं पिंप मात्र त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात परत आलं.